नगर शहराच्या आत्मिक स्थितीचे ओझे आपल्या मंडळ्यांना खरोखर आहे का?

भिंगारकर

सर्वांना सलाम.

अलीकडे आपल्या अहमदनगरमध्ये (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) शहरासाठी उपवास-प्रार्थना भरवण्याची प्रथा चांगली रुजली आहे. वेगवेगळ्या मंडळ्यांचे (चर्चचे) लोक एकत्र बसतात, रात्र जागवतात, गुडघे टेकतात, ही समाधानाची गोष्ट आहे आणि तिच्याविषयी मला काहीही वाकडे बोलायचे नाही. मला खटकते ती अशा सभांत वाटली जाणारी प्रार्थनाविषयांची यादी. मूर्तिपूजा, व्यसने, करणी-भानामती, तरुणांची अनीती, पुढाऱ्यांचा भ्रष्टाचार असे विषय तीत ओळीने येतात आणि ते वाचून होताना लक्षात येते की यातले एकही पाप प्रार्थना करणाऱ्याचे नाही. शहर बिघडलेले आहे आणि आपण त्याच्या बाहेर कुठेतरी उंचावर उभे राहून त्याच्यासाठी रडत आहोत, असा त्या यादीचा एकंदर सूर असतो.

पवित्र शास्त्रात शहरासाठी रडलेली माणसे पाहिली तर चित्र निराळे दिसते. यरुशलेमेची तटबंदी पडली आहे आणि वेशी जळाल्या आहेत हे नहेम्याला शूशन राजवाड्यात कळले, तेव्हा तो बसून रडला, त्याने उपास केला आणि नंतर जी प्रार्थना केली तीत 'मी व माझ्या बापाच्या घराण्याने पाप केले' अशी कबुली दिली. ज्या शहरात त्या वेळी तो राहतही नव्हता, त्याच्या पापात त्याने स्वतःचे घराणे मोजले. याउलट योना. निनवेची आत्मिक स्थिती त्याला पुरती ठाऊक होती, संदेशही त्याने अचूक दिला, पण शहर वाचले याचेच त्याला वाईट वाटले. माहिती होती, ओझे नव्हते. आपली यादी नहेम्याच्या प्रार्थनेपेक्षा योनाच्या मनाशी अधिक जुळते अशी मला भीती वाटते.

आपण या शहरात काल आलेलो नाही. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे केले ते १८३१ मध्ये, आणि १८३३ मध्ये इथे पहिली मंडळी स्थापन झाली. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये याच गावातून निघू लागले. सिंथिया फॅरारबाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले, हे आपण दर नाताळच्या कार्यक्रमात अभिमानाने सांगतो. मग हेही सांगायला हवे की २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या नऊशेच्याही खाली होती. जवळजवळ दोनशे वर्षे ज्या गावात ख्रिस्ताचे नाव घेतले गेले आणि मुलींच्या शिक्षणाचा प्रारंभ जिथे इतक्या लवकर झाला, तिथे मुलगी जन्मालाच येऊ नये अशी व्यवस्था होत असेल, तर त्या पापाची नोंद फक्त 'अन्य लोकांच्या' खात्यावर करून आपल्याला मोकळे होता येईल का?

दुसरे उदाहरण अधिक जड आहे. सोनई (२०१३), खर्डा (२०१४) आणि कोपर्डी (२०१६) या तिन्ही गावांची नावे साऱ्या महाराष्ट्राला कशामुळे माहीत झाली ते सांगण्याची गरज नाही. तिन्ही आपल्याच जिल्ह्यातील. त्या वर्षांत आमच्या मंडळीच्या रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थना नित्याप्रमाणे होत होत्या; देशाच्या नेत्यांसाठी होत होत्या, इस्राएलच्या शांतीसाठीसुद्धा होत होत्या. या तीन गावांपैकी एकाचेही नाव मी तिथे ऐकले नाही. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात सदोम या पापी शहराचा दोष सांगताना आधी गर्व, अन्नाची विपुलता आणि स्वस्थ आराम हे येतात आणि दीनदुबळ्यांना हात न देणे हेही येते. आपल्या यादीत यांपैकी काहीच का नसते?

तर विचारायचे ते असे: शहराची आत्मिक स्थिती ओळखायची कशावरून, आणि तिचे ओझे वाहणे म्हणजे नेमके काय करणे?

राहुरीचा_पाळकपुत्र

भिंगारकर बंधू, आपला लेख मनापासून लिहिलेला आहे आणि त्यातील कबुलीचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु त्यातून जो मार्ग निघतो त्याविषयी सावधगिरीचे दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जनगणनेचे आकडे आणि अत्याचाराच्या घटना यांवरून शहराची सामाजिक स्थिती कळते. आत्मिक स्थिती म्हणजे माणसाचे देवाशी असलेले नाते. अथेन्स हे विद्येचे, कलेचे, सुव्यवस्थेचे शहर होते; आजच्या मोजमापाने ते उत्तम ठरले असते. तरीही प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौलाचा आत्मा तिथे संतप्त झाला तो ते शहर मूर्तींनी भरलेले पाहून. ही गोष्ट आज उघडपणे बोलायला अवघड झाली आहे म्हणून ती खोटी ठरत नाही.

दुसरे असे की आपल्या मिशनांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, वसतिगृहे काढली. त्या शाळांतून शिकून माणसे अधिकारी झाली, त्या दवाखान्यांत बाळंतपणे झाली, आणि हे सगळे चालू असताना मंडळीतील शास्त्राभ्यास मात्र आटत गेला. आमच्या लहानपणी घरोघरी संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना होत असे. आज किती घरांत होते? शहराच्या जखमा मोजण्यात आपण इतके गुंतू नये की त्या शहराला सांगायचे शुभवर्तमानच आपल्याजवळ उरणार नाही.

वडाळ्याची_लेक

दोन्ही बंधूंचे वाचले. मी एका अशा विषयाकडे लक्ष वेधू इच्छिते ज्याविषयी आपण मंडळीच्या आवारात बोलतो, पण लिहीत कधीच नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे महार किंवा मांग समाजातून आले. काही १८७६-७८ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत आले, काही आधी, काही नंतर. दुष्काळात आले म्हणून त्यांना अन्नासाठी आलेले म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. माझ्या मते ज्या गावाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्या गावातून उठून जो माणूस कोणीतरी नावाने हाक मारली म्हणून गेला, त्याच्या श्रद्धेवर शंका घेण्याचा अधिकार त्या गावाला नाही. पण तो वेगळा विषय.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरवल्या; पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या राज्यात इतर मागासवर्गात जागा आहे, पण दोन्हींतला फरक काय ते नोकरीच्या अर्जापाशी उभ्या राहिलेल्या मुलालाच विचारावे. परिणाम असा झाला की असंख्य घरांत मंडळीच्या रजिस्टरवर एक धर्म आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा धर्म अशी विभागणी झाली. रविवारी प्रभूभोजन घ्यायचे आणि सोमवारी कचेरीत आपण ख्रिस्ती नाही असे सही करून सांगायचे. मी हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्या जवळच्या नात्यातच हे आहे, आणि ज्याच्या पोटाला चिमटा बसतो त्याला शास्त्रवचन ऐकवणे सोपे असते. अन्याय कायद्याचा आहे हे मला ठाऊक आहे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या दोन नावांनी जगण्याची सवय लागलेल्या समाजाच्या आत्म्यावर तिचा काय परिणाम होतो, याचा विचार शहराच्या आत्मिक स्थितीत मोडत नाही का? जो स्वतःचे नाव उघड सांगायला घाबरतो तो शहराला साक्ष कोणती देणार?

राहुरीच्या दादांनी मूर्तींचा उल्लेख केला. लग्न जमवताना मुलाचे मूळ कोणते हे आपल्या ख्रिस्ती घरांत आजही आडून विचारले जाते. ही मूर्ती कोणत्या देवळात आहे?

सावेडीकर

मी ख्रिस्ती नाही. शिक्षण नगरच्याच एका मिशनच्या शाळेत झाले, त्यामुळे उत्सुकतेने हा धागा वाचला. वडाळ्याच्या ताईंचे लिखाण वाचून मी काही वेळ थांबलो, हे आधी नमूद करतो.

आता एक प्रश्न विचारतो आणि तो कटुतेने विचारलेला नाही असे समजावे. आमच्या आत्मिक स्थितीची चिंता करण्याचे काम आपल्याकडे कोणी सोपवले? या शहरात विशाल गणपतीला जाणारी माणसे आहेत, आनंदऋषीजींना मानणारा जैन समाज आहे, दर्ग्यात जाणारे मुसलमान आहेत, अरणगावला मेहेरबाबांच्या समाधीसाठी परदेशातून येणारे लोक आहेत. यांपैकी प्रत्येकाला आपला आत्मा सुस्थितीत आहे असे वाटू शकते. 'शहर अंधारात आहे' हे वाक्य तुमच्या सभेच्या ध्वनिक्षेपकावरून शेजाऱ्याच्या घरात ऐकू जाते तेव्हा त्याला ती काळजी वाटत नाही, अपमान वाटतो. आणि सध्याच्या वातावरणात अशा अपमानाचा उपयोग करून घेणारे लोक तयारच बसलेले असतात, त्याची किंमत पुन्हा तुमच्याच वस्तीतील गरीब माणूस मोजतो.

भिंगारकर

सावेडीकर साहेब, आपण प्रश्न विचारलात याबद्दल आभार. त्याला बगल देऊन उत्तर देणे मला शक्य नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रभू येशू हा सर्वांसाठी आला असे मी मानतो, आणि 'सर्वांसाठी' यात नगरचा प्रत्येक रहिवासी येतो. तसे मी मानत नाही असे सांगणे हा आपल्याशी अप्रामाणिकपणा ठरेल. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कायदा म्हणून हे बंधन आहेच, पण श्रद्धा म्हणूनही मला त्यात अडचण वाटत नाही, कारण माणसाचे मन वळवणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे असे आमचेच शास्त्र सांगते. माझ्याकडे सांगणे आहे. ऐकणाऱ्याने काय करावे ते माझ्या ताब्यात नाही.

अपमानाविषयी आपण म्हणता ते मात्र मी पूर्ण स्वीकारतो. राहुरीच्या बंधूंनी अथेन्सचा दाखला दिला तो योग्यच आहे, परंतु तोच अध्याय पुढे वाचावा. संतप्त झालेला पौल शहरभर हिंडला, लोकांच्या पूजास्थानांकडे त्याने निरखून पाहिले, 'अज्ञात देवाला' अशी अक्षरे असलेली वेदी त्याने हेरली आणि अरीयपगावर, म्हणजे तिथल्या सभास्थानी, उभे राहून बोलताना त्यांच्याच कवींची ओळ उद्धृत केली. ज्याला शहराचे ओझे असते तो शहर वाचतो. आपल्यापैकी किती जणांनी ज्ञानेश्वरीची एक ओवी तरी वाचली आहे, जी नेवाशाला, म्हणजे याच जिल्ह्यात, लिहिली गेली?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वाचली होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला राहिले, इथे शिकवले, पुढे राहुरीस गेले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत असत. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळे यांनी नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा असावी अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते गेले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. मिशनमधील काहींना तो तेव्हा रुचला नाही, आजही अनेक पाळकांना रुचणार नाही, आणि त्यात ईश्वरविद्येच्या दृष्टीने प्रश्न आहेत हे मलाही दिसते. परंतु शेजाऱ्याला अंधारातला म्हणून हाक मारण्यापेक्षा त्याच्या भाषेत त्याच्या अंगणात बसण्याची ती रीत होती, आणि आपण ती ध्वनिक्षेपकाच्या बदल्यात देऊन टाकली असे मला वाटते.

वडाळ्याच्या ताईंच्या लिखाणाला मी आज उत्तर देत नाही, कारण माझ्याजवळ ते नाही.

पुण्यात_स्थायिक

एवढे चर्चिले गेले, पण जमिनींचा विषय कोणी काढला नाही. मिशन कंपाउंडांच्या मालकीवरून आपल्या लोकांनी एकमेकांवर घातलेले खटले जिल्ह्याजिल्ह्यांत चालू आहेत. शहरातील वकिलाला, तलाठ्याला, बिल्डरला मंडळीची जी साक्ष रोज मिळते ती ही आहे. न्याय देवाच्या घरापासून सुरू होतो असे पेत्र लिहितो. आपण त्याचा अर्थ दिवाणी न्यायालय असा घेतलेला दिसतो.

वसईचा_भूमिपुत्र

मी कॅथलिक आहे, तेव्हा पाहुण्याच्या नात्याने लिहितो. आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ हाती घेतली, तेव्हा धर्मगुरूने पाण्याच्या आणि जमिनीच्या भानगडीत कशाला पडावे असे आमच्यातही म्हटले गेले. वसईतील विहिरी उपसून टँकर भरणारे आणि जमिनी बळकावणारे लोक कोण होते हे सर्वांना माहीत होते. दहशत एवढी होती की बोलत कोणी नव्हते. त्या चळवळीत ख्रिस्ती होते, हिंदू होते, मुसलमान होते. याच फादरांनी पुढे संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. राहुरीच्या बंधूंना वाटणारी भीती मी समजू शकतो, पण या एका माणसात तरी विहिरीची काळजी आणि शब्दाची काळजी एकमेकींच्या आड आली नाहीत. गावाने भयाखाली गप्प राहणे ही मी आत्मिक स्थितीच समजतो.

राहुरीचा_पाळकपुत्र

वसईच्या बंधूंचे शेवटचे वाक्य मला पटले. भय हा आत्मिक विषय आहे, यात शंका नाही, आणि सामाजिक व आत्मिक अशी जी रेघ मी ओढली होती ती निदान तिथे टिकत नाही.

परंतु माझी मूळ हरकत मी सोडत नाही. फादर दिब्रिटोंसारखी माणसे दोन्ही करू शकतात. संस्था बहुधा दोन्ही करू शकत नाहीत, असा आपल्या जिल्ह्याचा अनुभव आहे. शाळेची इमारत उभी राहते, अनुदान येते, कमिटी होते, कमिटीची निवडणूक होते, आणि मग पुण्याच्या बंधूंनी सांगितलेला खटला होतो. म्हणून शहरासाठी नवे काही 'काम' सुरू करण्यापूर्वी विचार व्हावा.

उपवास-प्रार्थनांविषयीही एक सांगतो, कारण मी त्यांचा समर्थक आहे. त्यांत अलीकडे 'येत्या वर्षी हे शहर प्रभूचे होणार' अशा घोषणा ऐकू येतात. यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील हनन्यानेही बाबेलचे जोखड दोन वर्षांत मोडेल अशी घोषणा केली होती, आणि ती लोकांना आवडली होती. लगेच पुढच्या अध्यायात यिर्मयाचे पत्र येते: सत्तर वर्षे लागतील, घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. ते नगर बाबेल होते, ज्याने त्यांच्या मंदिरातील पात्रे लुटून नेली होती. वर्षभरात शहर जिंकण्याची भाषा करणारा माणूस पुढच्या वर्षी कुठल्या तरी दुसऱ्या शहरात सभा घेत असतो, हे मी पाहिले आहे.

सावेडीकर

बाबेलचा संदर्भ मला नवा होता. भिंगारकरांच्या उत्तराने माझे मतभेद मिटलेले नाहीत, कारण 'सर्वांसाठी' हा शब्द ऐकणाऱ्याला आपण कुठेतरी मोजले गेलो आहोत असे वाटतेच. पण हा मतभेद समोरासमोर बसून बोलता येण्याजोगा आहे. ज्ञानेश्वरी वाचायची असेल तर माझ्या घरी या. आमच्याकडे दर एकादशीला वाचन असते, ध्वनिक्षेपक नसतो.

वडाळ्याची_लेक

भिंगारकर दादा, उत्तर नाही असे आपण लिहिलेत ते बरे केलेत. या प्रश्नावर भाषण ऐकण्याची माझी इच्छा नव्हतीच.

राहुरीच्या दादांची संस्थांविषयीची हरकत लक्षात ठेवून एक लहानशी गोष्ट सुचवते, जिला इमारत लागत नाही आणि कमिटीही लागत नाही. दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडे बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि शाळेत जाणारी पोरे बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सोबत जातात. आमच्या भागातल्या कारखान्यांच्या तळांवर ती पाडव्यापर्यंत असतात. आमच्या भगिनी मंडळातील काही जणी गेल्या हंगामात एका तळावर संध्याकाळी जाऊन बसू लागल्या. प्रारंभी आम्ही गाणी शिकवावीत असे ठरले होते. तिथे गेल्यावर कळले की बायकांना पहिल्यांदा हवी आहे ती आंघोळीला आडोसा असलेली जागा, आणि मुलींना एकटे सोडून फडात जाण्याची धास्ती त्यांना रात्री झोपू देत नाही. त्यानंतर आमच्या प्रार्थनेचे विषय त्या तळावरून येऊ लागले. 'शहराचे अंधकाराचे बंधन' असे आम्ही आता म्हणत नाही. कोणत्या खोपटातली कोणती मुलगी आजारी आहे ते म्हणतो. त्या बायकांपैकी एकीने आमच्यासाठी प्रार्थना करू का असे विचारले आणि तिच्या पद्धतीने खंडोबाचे नाव घेऊन केली. त्या वेळी काय करावे हे आम्हाला कोणालाच सुचले नाही. आम्ही 'आमेन' म्हटले नाही, उठूनही गेलो नाही. राहुरीच्या दादांचे यावर मत काय असेल ते जाणून घ्यायला आवडेल.

राहुरीचा_पाळकपुत्र

ताई, मीही उठून गेलो नसतो. याहून अधिक लिहिण्यापूर्वी मला आमच्या पाळकांशी बोलावे लागेल. यंदा टोळ्या उतरल्या की कोणत्या तळावर जाता ते कळवा.

भिंगारकर

पुढच्या उपवास-प्रार्थनेच्या विषयांची यादी करण्याचे काम या वेळी माझ्याकडे आले आहे. पहिल्या पानावर मंडळीतील जातीची विचारपूस, दाखल्यावरची दोन नावे आणि जमिनीचे खटले हे तीन विषय कबुलीच्या भागात घालत आहे, आणि दुसऱ्या पानावर तळावरच्या मुली. वडील मंडळाने पहिले पान वगळायला सांगितले तर काय करायचे हे अजून ठरवलेले नाही. कोणाला त्यात भर घालायची असल्यास शनिवारपर्यंत इथेच लिहावे.